नऊ नंबरचा रुमाल

दिगूअण्णांकडं चहा पिऊन उठलात, की ते तुमच्या कपावर बशी पालथी घालतात. कप उचलत नाहीत, विसळत नाहीत, दारही लोटत नाहीत. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेतात आणि बसून राहतात. बरोबर वीस मिनिटं. तेवढ्यात तुम्ही परत आला नाहीत, तर कप मोरीत जातो, तुम्ही बसलेली सतरंजी झटकली जाते आणि अण्णांच्या लेखी तुम्ही खरोखर गेलेले असता.

मला हे कळलं ते चष्मा विसरल्यामुळे. कोपऱ्यावरून परत फिरलो, तर माझा अर्धा राहिलेला चहा बशीखाली तसाच होता.

"बघा! म्हणलं न्हवतं?" अण्णा खूश होऊन म्हणाले, "मॅनेजर गेल्याले न्हाईत, नुस्ते वळल्यात!"

कुणाला म्हटलं होतं कोण जाणे, कारण घरात ते एकटेच असतात. "माणूस गेला, का नुस्ता वळला?" हे त्यांचं पालुपद आहे. भाजीवाली पुढच्या दाराशी गेली, लाइट गेली, पोटातली कळ गेली, प्रत्येक वेळी अण्णांना हाच प्रश्न पडतो.

मी तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लॉजचा मॅनेजर. खोल्या चौदा. अण्णांचं घर लॉजच्या मागच्या गल्लीत. एका सरकारी कचेरीत त्यांनी उभा जन्म कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं सकाळी देवळात जातात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून देश चालवतात. अण्णांनी यातलं काहीच केलं नाही. ते कॉम्प्युटरची पुस्तकं वाचायला लागले. पुस्तकं जाडजूड, इंग्रजी, पानोपानी हिरव्या शाईच्या रेघा मारलेली. एवढी पुस्तकं कुठून आणलीत, असं मी एकदा विचारलं होतं.

"घरातच पडल्याली होती," ते म्हणाले आणि पान उलटलं. मला वाटलं, रद्दीतून उचलली असतील.

दोनेक वर्षांत त्यांनी आमच्या लॉजची वेबसाईट तयार केली. घरबसल्या खोली राखून ठेवायची सोय. कुणी सांगितली नव्हती. आमच्या मालकांनी ती चालू करायला होकार दिला, त्याचं एकमेव कारण म्हणजे समोरच्या लॉजकडं तसलं काही नव्हतं.

माझं शिक्षण तिथून सुरू झालं. अण्णा एके दिवशी काउंटरवर आले आणि म्हणाले, "मॅनेजर, यष्टीत खिडकीतनं रुमाल टाकता का न्हाय?"

"टाकतो की."

"कशापायी?"

"जागा धरायला."

"त्यालाच सेशन म्हणत्यात. संपला विषय."

विषय कसला संपतोय! तो आजतागायत चालू आहे. वेबसाईट उघडून माणसानं एखादी खोली निवडली, की त्याचा तिथं एक रुमाल पडतो. फॉर्म भरून होईपर्यंत ती खोली दुसऱ्याला मिळत नाही. इथपर्यंत कुणालाही कळेल. पण आपली माणसं फॉर्म अर्धा टाकून जेवायला उठतात. पान हळू उघडलं तर धीर धरत नाहीत, वरचा तो गोल बाण दाबत सुटतात. मीही दाबतो. लिफ्टचं बटण चार वेळा दाबलं की ती लवकर येते अशी माझी अजून समजूत आहे.

पहिल्याच पौर्णिमेला सोलापूरच्या एका गृहस्थांनी तो बाण तेरा वेळा दाबला. अण्णांच्या पहिल्या वेबसाईटला प्रत्येक दाबणारा नवा माणूस वाटायचा. ती दर वेळी पुढची मोकळी खोली धरून द्यायची. परिणाम असा, की एकट्या माणसाचे चौदा खोल्यांवर चौदा रुमाल पडले. ऐन पौर्णिमेला वेबसाईटवर 'जागा नाही' आणि लॉजमध्ये मी आणि मालक माशा मारतोय. दुपारी ते गृहस्थ स्वतः पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि अजिजीनं म्हणाले, "साईटवर तर समदं फुल्ल दाखवतंय. एखांदी खोली व्हईल का बघा."

मालकांनी त्यांना हात जोडले. मग मला म्हणाले, "त्या दिगूअण्णाला बोलव. गड्यानं लॉज भरलं बी आन् रिकामं बी ठिवलं."

अण्णा आले, पण शरमले वगैरे अजिबात नाहीत. उलट तरतरीत दिसले. मी म्हणालो, "अण्णा, पान गेलं की लगेच रुमाल झाडून टाका ना. त्यात काय एवढं!"

"त्यातच हाय समदं," ते म्हणाले. "माणसानं पान बंद केलं तरी सर्व्हरला ऐकू येतं, 'निघालो'. आन् बाण दाबून तेच पान ताजं केलं तरी ऐकू येतं, 'निघालो'. दोन्हीचा आवाज येकच. मग कळावं कसं, गेला का नुस्ता वळला? लगीच झाडलं आन् तो नुस्ता वळल्याला असला तर?"

"तर पुन्हा भरेल फॉर्म."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणाच्या तरी घरात चप्पल घालून शिरलोय. "पुन्यांदा कुणी भरत नसतंय, मॅनेजर," ते म्हणाले.

त्यांनी आठवडाभर बसून दुरुस्ती केली. आता माणूस परतला की वेबसाईट त्याचा जुनाच रुमाल ओळखते, आणि तो निघाला तरी वीस मिनिटं दम धरते, मगच झाडते. काम चोख झालं. सोलापूरच्या गृहस्थांनी मुद्दाम बाण दाबून खात्री करून घेतली आणि फोनवर अभिनंदन केलं.

तेव्हापासून मात्र अण्णांना सगळं जगच रुमालांनी भरलेलं दिसायला लागलं. त्यांच्या जुन्या कचेरीबद्दल ते म्हणायचे, "आमच्या सायबाचा कोट तीन-तीन दिस खुर्चीवर असायचा. सेशन चालू, सायेब गावाला." यष्टीत रिकाम्या सीटवर ते पुढचा स्टॉप येईपर्यंत बसत नाहीत, न जाणो कुणी पाणी प्यायला उतरलेलं असायचं. आणि सरकारी अर्जांच्या वेबसाईटवर तर त्यांचा दातच आहे. सतरा रकाने भरून झाले, की तिथं लाल अक्षरं येतात, तुमचा अवधी संपला आहे. "माणूस सातबारा हुडकाय कपाटाकडं वळला, तवर ह्यांनी झाडलं!" असं म्हणून अण्णांनी अशाच एका वेबसाईटला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. पत्रात कोष्टक होतं, कपाटापर्यंत जाऊन कागद घेऊन यायला कोणत्या वयाच्या माणसाला किती वेळ लागतो याचं. वर्ष झालं, उत्तर नाही. "वळले असतील," मी म्हणालो. अण्णा हसले नाहीत.

असा हा माणूस. रुमाल वेळेच्या आधी झाडायचा नाही आणि वेळ झाल्यावर एक मिनिट ठेवायचा नाही. आणि नेमकं याच्याच वेबसाईटवर आमच्या नऊ नंबरच्या खोलीवर एक रुमाल चैत्रापासून पडून होता.

नऊ नंबर ही आमची सगळ्यात चांगली खोली. खिडकीतून कळस दिसतो. वेबसाईटवर ती कायम अडकलेली. मी अण्णांना सांगायचो, ते "बघतो" म्हणायचे. पुन्हा सांगायचो, ते घड्याळ बघायचे. श्रावण गेला, गणपती गेले. शेवटी नवरात्राला पंधरा दिवस उरले तेव्हा मालक कडाडले, "परवापातूर नऊ नंबर सुटली न्हाय, तर ती वेबसाईटच काढून टाक. आपली वही बरी. वहीला कुणी बाण दाबत न्हाय."

मला, खरं सांगतो, आनंदच झाला. वीस-वीस मिनिटांचे धडे ऐकून माझे कान किटले होते. अण्णांचीच चूक अण्णांच्या पदरात घालायची संधी कोण सोडेल? भर दुपारी त्यांच्या घरी गेलो आणि मालकांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. वर थोडी मीठमिरची माझी.

अण्णा उठले. कॉम्प्युटर चालू केला, रुमालांची यादी उघडली आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"तुमीच पुसा. माझ्यानं व्हत न्हाय." आणि चहा टाकायला आत गेले.

यादीत एकच ओळ होती. बाकी सगळे रुमाल वेळच्या वेळी झाडलेले. मी ती उघडली. नाव, उमेश दिगंबर. आडनाव अण्णांचंच. मोठी माणसं, दोन. लहान, एक. मोबाईल नंबर रिकामा, तारीख रिकामी. शेवटची हालचाल, चैत्रातली.

मी या गल्लीत चार वर्षं येतोय. अण्णांना मुलगा आहे हे मला त्या यादीतून कळलं.

अण्णा दोन कप घेऊन आले आणि खाली सतरंजीवर बसले.

"पोरगं हाय माझं. पुण्यात असतंय, कॉम्प्युटरमधीच. त्यानं लगीन ठरवलं, मला पसंत न्हवतं. म्या लई बोललो. बोलू ने ते बी बोललो. तर उठला आन् 'जातो' म्हणला. आपल्यात कुणी 'जातो' म्हणतंय का, मॅनेजर? 'येतो' म्हणत्यात. माझं टाळकंच फिरलं. तो कोपऱ्यावर पोचला न पोचला, तवर म्या त्याची खाट, कपडे, पुस्तकं, समदं उचलून अंगणात आणून टाकलं."

त्यांनी बशी उचलली, परत ठेवली.

"आन् तो परत आला."

"परत?"

"यष्टी चुकली असंल, न्हायतर मन बदललं असंल. मला काय ठावं? दारात हुबा ऱ्हाऊन अंगणातलं समदं बघितलं त्यानं. तसाच फिरला. सा वर्सं झाली त्याला." ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते. "ईस मिन्टं, मॅनेजर. ईस मिन्टं दम काढला असता तर काय बिघडलं असतं? नुस्ता वळल्याला होता तो. म्याच झाडलं."

टेबलावर ती हिरव्या रेघांची पुस्तकं होती. अंगणातून परत आत आणलेली.

"फोन करायचा की अण्णा."

"जुना नंबर लागत न्हाय. नवा कुणाला इचारू? चैत्रात एकाएकी ह्ये नाव आलं. फॉर्म भरता भरता सोडला. तेवढा येक रुमाल म्या साईटला झाडू दिला न्हाय. वेबसाईटच्या तळाला माझं नाव हाय बारीक अक्षरात, ते वाचून सोडला, का वाचूनच उघडला होता, देवीला ठावं." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "लहान, येक. मी आजा झालो ते मला हितनं कळलं."

मागच्या गल्लीत बापाचं घर असताना पोरगा लॉजची खोली शोधत होता. मला वाईट वाटलं, आणि मघाच्या आनंदाची लाजही वाटली.

"आता ह्ये पुसलं, तर पुन्यांदा तो पान उघडंल तवा कोरं दिसंल," अण्णा म्हणाले. "आन् ऱ्हाऊ दिलं, तर जसं टाकून गेला तसंच दिसंल. त्याला कळंल, हितं ह्या येळंला कुणी कायबी हलवलं न्हाय."

मी कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं. लॉजवर जाऊन मालकांना म्हटलं, नऊ नंबरच्या छताला ओल आलीय, नवरात्रात ती कुणाला देता येणार नाही, आणि वेबसाईटवर ती अडकलेली आहे तेच बरं. मालकांचे गुडघे दुखतात, दुसऱ्या मजल्यावर ते गेल्या कित्येक दिवसांत चढलेले नाहीत. त्यांनी छताला एक शिवी दिली आणि विषय संपवला. नवरात्राचे नऊही दिवस बाहेर पायऱ्यांवर माणसं झोपली होती आणि वर कळसाच्या खिडकीची खोली मी कुलूप लावून ठेवली होती. आयुष्यात एवढं खोटं मी पहिल्यांदाच बोललो, आणि ते निभावायला मला बिलकूल जड गेलं नाही.

दसऱ्यानंतर, दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा मी सवयीनं काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर रुमालांची यादी उघडली. आता तो नाद मलाही लागला होता. ती ओळ होतीच. उमेश दिगंबर, मोठी दोन, लहान एक, तारीख रिकामी. फक्त शेवटची हालचाल बदलली होती. त्याच दिवशीची वेळ होती, पाऊण तासापूर्वीची.

मी काउंटर तसाच टाकून अण्णांकडं पळालो. सांगितलं. अण्णा उठले नाहीत. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"पान उघडं हाय का गेलं?"

"गेलं. पण येऊन गेला तो, अण्णा. भरलेलं बघून गेला."

त्यांनी घड्याळ बघितलं. मीही मिनिटं मोजत होतो, आणि वीस झाल्यावर दोघांपैकी कुणीच उठलं नाही. मग अण्णा म्हणाले, "मॅनेजर, लॉजवर सकाळचं दूध किती वाजता येतं?"

"साडेसहाला."

"लहान हाय सोबत. जरा वाढीव सांगून ठिवा."

"येतो अण्णा," म्हणून मी उठलो. मागं त्यांनी माझ्या कपावर बशी घातल्याचा आवाज झाला. दूधवाला कोपऱ्यावरच भेटला. त्याला अर्धा लिटर वाढवायला सांगितलं. कुठल्या तारखेपासून, असं त्यानं विचारलं. उद्यापासूनच, मी म्हणालो.