व्होल्टेज आणि निळं कव्हर

"फक्त थोडंसं व्होल्टेज वाढवायचं," इंजिनिअर म्हणाला, आणि त्याच्या बायकोने कॉम्प्युटरचा माऊस घट्ट धरून ठेवला.

इंजिनिअर खरं तर विमा कचेरीत कारकून. शेजाऱ्यांची बेल त्याने एकदा दुरुस्त केली, तेव्हापासून बेल वाजली की त्यांच्या बाथरूममधला दिवा लागतो, आणि तेव्हापासूनच हे नाव त्याला चिकटलं. त्याला मात्र ते कौतुकाचं वाटायचं.

बायको घरं-दुकानं आतून सजवायची. नोकरी सोडल्यानंतरचं तिचं पहिलंच काम होतं, एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना. तो सजल्यावर कसा दिसेल हे दाखवत दारापासून खुर्चीपर्यंत नेणारी छोटी फिल्म कॉम्प्युटरवर तयार व्हायची होती आणि बाई ती संध्याकाळी बघायला येणार होत्या. आवडली तर ठीक, नाहीतर जुन्या ऑफिसात खाली मान घालून परत. आणि कॉम्प्युटर तर गेले काही महिने रडतखडत चालत होता.

"प्रोसेसरचा वेग वाढवतो. व्हिडिओत सगळं दाखवलंय," असं म्हणून इंजिनिअरने टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबलं. डब्यावर निळं लोकरी कव्हर होतं. त्याच्या आईच्या मोडलेल्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर तिने विणलेली ती पहिली वस्तू. वर बटणासाठी जागा, बाजूंना वायरींसाठी भोकं. "आईचं डोकं बघा," असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

वेग वाढवला. फिल्म जरा पळाली आणि कॉम्प्युटर बंद पडला.

"व्होल्टेज कमी पडतंय," इंजिनिअर म्हणाला. सेटिंगमध्ये जाऊन त्याने ते चिमूटभर वाढवलं. आता प्रोसेसर तापला आणि तापला म्हणून बंद पडला. मग त्याने व्होल्टेज उतरवलं. कॉम्प्युटर सुरूच होईना. पुन्हा चढवलं. खालून इस्त्रीसारखा वास यायला लागला.

"अरे, होता तसा तरी करून दे," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली.

"एकदाच. आता अंदाज आलाय मला."

"बेलचाही आला होता."

इंजिनिअरने टेबलफॅन आणून डब्यापुढे लावला. वाऱ्याने बायकोचे कागद घरभर उडाले आणि प्रोसेसर होता तेवढाच गरम राहिला. हिचं काम गेलं तर ते आपल्यामुळे जाणार, हे आता इंजिनिअरला स्वच्छ दिसत होतं.

उडालेले कागद गोळा करत आई आत आली. एक कागद उचलायला वाकली, तिचा हात डब्याला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला.

"बाळा, हा एवढा भाजतोय आणि वर लोकर कशाला?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी मिळून कव्हर उपसून काढलं, तशी आतून गरम हवेची लाट आली. बायकोने सगळी सेटिंग पहिल्यासारखी केली आणि फिल्म सुरू केली. ती अशी सुरळीत चालली, जणू कॉम्प्युटर कालच दुकानातून आणलाय.

"आई, तुझ्या कव्हरचा काही दोष नाही हां," इंजिनिअर घाईघाईने म्हणाला.

"कसलं कव्हर?" आई कव्हरची घडी घालत होती. "स्वेटर आहे तो. बिनबाह्यांचा. तुझ्या वाढदिवसाला विणलेला. टेबलावर ठेवला, तर तू त्या डब्याला घातलास. वर कौतुक इतकं केलंस, म्हटलं जाऊ दे."

इंजिनिअरने तिच्या हातातली घडी घेतली. ती उलगडून तो स्वेटर घालायला लागला. बटणाच्या जागेतून डोकं बाहेर आलं आणि वायरींच्या भोकांतून हात.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फिल्म दोनदा बघितली. "सोमवारपासून सुरू करा," त्या बायकोला म्हणाल्या. जाताना त्यांची नजर इंजिनिअरवर थांबली. स्वेटरच्या दोन्ही खांद्यांना डब्याचे कोपरे उमटले होते आणि आत तो घामाने निथळत होता.

"घरी विणलेला वाटतं?"

"आईने केलाय," तो म्हणाला. "अगदी माझ्या मापाचा."

दार लागल्यावर बायको हसून म्हणाली, "काढ आता तो. नाहीतर तूही बंद पडशील."

इंजिनिअर टेबलफॅनपुढे जाऊन बसला, पण स्वेटर काही त्याने काढला नाही.