शेळ्यांच्या दाराची तार

"मामा, मॅडमनी इचारलं की म्हणायचं, कार्यक्रम लय भारी, सगळं समजलं. बास!" दबोराने संपतमामांना पुन्हा बजावले.

केडगावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मटेरियल सायन्सचे प्रयोग दाखवत ती वर्षभर हिंडली होती. त्यातले लोकांच्या डोक्यात काय उरले, हे तपासायला आज पुण्याहून निमकर मॅडम चर्चच्या हॉलमध्ये आल्या होत्या. काहीच उरले नसेल, तर प्रकल्प बंद आणि दबोराची नोकरीही. त्यात तिची सगळ्यात लाडकी तार महिन्यापूर्वी ह्याच हॉलमधून हरवलेली. कशीही वाकवा, गरम पाण्यात पडली की ती पुन्हा फुलपाखरू व्हायची.

मॅडमनी पहिल्या बाईंना विचारले. "लय भारी, सगळं समजलं." शेजारच्या आप्पांना विचारले. "लय भारी, सगळं समजलं." संपतमामांपर्यंत येईतो मॅडमनी पेनाला टोपण लावले.

"दबोरा, पाठांतर छान करून घेतलंयस."

दबोराला वाटले, खुर्चीखाली शिरावे. तेवढ्यात तिथे एक शेळी शिरली. पाठोपाठ आणखी दोन आल्या, आणि त्यांच्यामागे नकुशीमामी.

"आजबी गोठ्याचं दार उघडं टाकून आलात व्हय?" मामी नवऱ्यावर कडाडल्या.

"बांधलं व्हतं की! त्या तारंलाच याड लागलंय. सकाळी गच्च पीळ मारतो, दुपारी दाराचा पत्रा तापला की आपली आपण सुटती, आन् फुलपाखरू हून बसती!"

दबोराने कपाळाला हात लावला. तारेचा तुकडा कुठेही दिसला की खिशात घालायचा, ही मामांची जुनी सवय तिला आत्ता आठवली.

मॅडमनी टोपण काढले. "सकाळी का नाही सुटत?"

"गार असती नव्हं! तापल्याबिगर तिला जुनं आठवत न्हाई."

मॅडम भराभर लिहू लागल्या. मामी ओशाळल्या. "आन् मी महिनाभर ह्यास्नीच बोलतीय!" मग सावरून म्हणाल्या, "मॅडम, असली एक तार ह्यांच्या डोक्यालाबी बांधा. दुपारी टपरीवरनं जेवायला घरी यायचं तरी आठवंल."

प्रकल्प वाढल्याचा फोन आला, तशी दबोरा बदल्यात साध्या तारेचे भेंडोळे घेऊन मामांच्या गोठ्यावर गेली. मामी दारातच आडव्या उभ्या.

"ती तार न्हाई मिळायची, दबोराताई."

"का वं मामी?"

"दुपारी शेळ्या सुटल्या की नीट टपरीवर जात्यात. मग त्यास्नी हाकलत हेबी येत्यात घरला, भाकरी गरम हाय तवर."