देशकर मास्तरांची खळ

"मास्तरांकडे काही प्यायला दिलं, तर आधी वास घ्या," क्वार्टर्सच्या जिन्यात कुणीतरी हसत म्हणालं.

त्यात तथ्य होतं. आमचे शेजारी देशकर मास्तर एकदा पेज समजून खळ प्यायले होते आणि पेजेनं पुस्तकं चिकटवत बसले होते.

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली, तसे नागपूरहून ते भोपाळला आले आणि आम्हीही. इतिहासाचं नवं पुस्तक तयार होईपर्यंत जुन्यातल्या नको असलेल्या ओळींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात, असा शिक्षणखात्याचा हुकूम होता. मास्तर पट्ट्या फूटपट्टीनं आखून कापत. संध्याकाळी विचारलं तर सांगत, "आज दोन राजे झाकले." आमचा गळका नळ त्यांच्या लेखी मोगलकालीन होता.

कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी कच्चं. ते सुधारावं म्हणून आई मला पट्ट्या लावायला त्यांच्याकडे पाठवी.

एक पट्टी मात्र मास्तर प्रत्येक प्रतीत फक्त एका कडेनं चिकटवत. बोटानं उचलली की खालची ओळ दिसे : बेचाळीसच्या गोळीबारात एक शाळकरी मुलगाही ठार झाला. मी विचारलं, तर म्हणाले, "तिथं खळ पुरली नाही."

देशकर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं. तो त्यांचा वसंता. मास्तर घरात त्याचं नाव घेत नाहीत.

नव्या पुस्तकाच्या समितीत मास्तर सभासद होते. मीही तिथं टिपणं घ्यायला असे, इंग्रजी शॉर्टहँड येतं म्हणून. त्या दिवशी मास्तर अशोकाच्या सनावळीवरून तासभर भांडले, नकाशातल्या एका नदीवरून त्याहून जास्त. मग गोळीबाराची ती ओळ आली.

"वो क़स्बा तो अब बंबई राज्य में चला गया," समितीचे अध्यक्ष साहेब म्हणाले. "उनका इतिहास वो देखें."

सगळे हसले. मी मास्तरांकडे पाहिलं. आता उठतील, असं वाटलं. ते नखात वाळलेली खळ खरवडत राहिले. स्वतःच्या मुलासाठी पुस्तकात जागा मागणं त्यांच्या शिस्तीत बसत नसावं.

"तो काट दें? किसी को कुछ कहना है?"

कुणाला नव्हतं. साहेबांनी पेन उचललं. त्या खोलीत मी आजवर एक शब्द बोलले नव्हते. इंग्रजी सुचेना, हिंदीही सुचेना.

"साहेब, त्या मुलाचं नाव वसंत देशकर होतं," मी म्हणाले. "लिहून घेऊ?"