तिसरीतला आर्यन

जमनामावशी पुस्तक घेताना आधी शेवटचं पान उघडायच्या. शेवट कळावा म्हणून नव्हे, ते पान जाग्यावर आहे ना, एवढंच बघायला. "शेपटी नसलेला मासा आनि शेवट नसलेली गोष्ट कोन घेल?" असं त्यांचं म्हणणं. मुलं नेमकी शेवटची पानं फाडतात, हे बोईसरच्या छोट्या वाचनालयात पंधरा वर्षं काढलेल्या मला त्यांनीच दाखवून दिलं.

मावशी तारापूरच्या कोळीवाड्यातल्या. बाजारात सुकी मासळी विकून झाली की दर मंगळवारी आमच्याकडे येत. पाटी दाराबाहेर ठेवत, हात कोपरापर्यंत साबणानं धुऊन येत, तरी बोंबलांचा वास त्यांच्याआधी आत पोचे. पुस्तकं नातवासाठी हवी असत. नातू आर्यन, इयत्ता तिसरी.

आर्यनची मतं ठाम होती. "भुताचा नको, रातचा घाबरते तो." एक पुस्तक त्यांनी रागानं टेबलावर ठेवलं. "यातली पोरगी सा पानं उपाशी हाय. लिवनाऱ्याला कय वाटत नाय? आर्यन त्या दिवशी जेवला नाय." एकदा मी एक जाडजूड कादंबरी पुढे केली, खास तुमच्यासाठी म्हणून. ती आठवड्यात परत आली. "मोट्यांच्या पुस्तकात मानसं नुसती इचार करतात. हिरीत पोर पडला तरी इचारच करतील. आर्यनच्या पुस्तकात कोनतरी दोर घेऊन धावते."

अशी पाच वर्षं गेली. आर्यन तिसरीतच होता.

काय ते मी ओळखलं होतं. ओळखून गप्प बसायला हवं होतं. पण आपली हुशारी चारचौघांत दाखवण्याची खाज वाईट. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी 'सर्वांत जास्त पुस्तकं वाचणारा बालवाचक' असं एक बक्षीस काढलं आणि मावशींना निरोप धाडला, आर्यनला घेऊनच या.

मावशी आल्या. नवं लुगडं, केसांत अबोली. एकट्याच. मी माइकवरून आर्यनचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. पुढच्या रांगेत सरावलीच्या चाळींतली पोरं बसली होती, त्यांतल्या एकानं विचारलं, "आर्यन किधर है?"

मावशी उभ्या राहिल्या. "त्याला ताप हाय," म्हणाल्या.

अजूनही थांबता आलं असतं. मी माइकमध्ये म्हणालो, "पाच वर्षं तिसरीत बसल्यावर ताप येणारच, मावशी."

सगळे हसले. सगळे हसतात म्हणून मावशीही थोडं हसल्या. मग पुढे आल्या, पिशवीतली तीन पुस्तकं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "मीच वाचते. आर्यन नाय." माइक चालू होता. बक्षिसाची कंपासपेटी तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

पुढचे चार मंगळवार त्या आल्या नाहीत. पाचव्या मंगळवारी मी रिक्षानं तारापूरला गेलो. जिला घर विचारलं ती त्यांची शेजारीण निघाली. "तुमीच का पुस्तकवाले?" तिनं मला खालीवर बघितलं. "सांजचा तिच्या घरातून आवाज येत. पोराचा, म्हातारीचा, वाघाचा. सगले तीच काडी. आमी भिंतीला टेकून आयकत जेवायचो. आता कय नाय."

मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. माफीचं वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं, ते अर्ध्यावर अडकलं. बरोबर आणलेली चार पुस्तकं ओट्यावर ठेवली, वर त्यांच्या नावाचं नवं कार्ड.

"मोठ्यांनी मुलांची पुस्तकं नेऊ नयेत असा काही नियम नाही, मावशी. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तरी..."

"म्हाईत हाय. नियम भिंतीवर लावलेत. मला वाचता येते."

"मग नातू कशाला?"

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांनी जोडी बांबूवर टाकली. पुढची जोडी उचलली.

"आमाला पोर झाला नाय. मालकबी गेले. मंग बाजारातून घरी जायाची घाई कसली? तुमच्याकडं आली का म्हनायची, लवकर द्या, पोरगा वाट बगते. असा म्हनला का पाय खरंच उचलत."

मी निघालो. त्यांनीच मला पाणी दिलं, रिक्षापर्यंत सोडायला आल्या.

पुस्तकं त्यांनी ठेवून घेतली. आता पुन्हा दर मंगळवारी येतात, स्वतःच्या कार्डावर हवी ती पुस्तकं नेतात. पण लवकर द्या म्हणत नाहीत. पुस्तकं पिशवीत टाकून झाली तरी दाराजवळच्या बाकावर बसून राहतात, मी वाचनालय बंद करेपर्यंत.