जगदाळेकाकांचा व्हर्नियर

आमच्या घरात जेवण कधी कुणी मोजलं नाही. मोजण्याइतकं नसायचंच. आई इचलकरंजीत दोन खाणावळींच्या पोळ्या लाटायची, सकाळी एकीच्या आणि संध्याकाळी दुसरीच्या. उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधून आणायची. वडील यंत्रमागावर होते, म्हणजे माग चालू असेल तेव्हा. त्या फडक्यातल्या पोळ्यांवर मी इंजिनियर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

म्हणून २०१४ साली नोकरीसाठी जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आले आणि पहिल्याच आठवड्यात एक मराठी माणूस बेकरीत उभा राहून ब्रेत्सेल नावाच्या वेटोळ्या पावाला व्हर्नियर, म्हणजे कारखान्यातलं जाडी मोजायचं माप, लावताना दिसला, तेव्हा मला हसू नाही आलं, राग आला. समोर गरम खाणं आहे, पोटात भूक आहे आणि हा गृहस्थ त्याची जाडी मोजतोय!

"हात नऊ मिलिमीटर, पोट चव्वेचाळीस," ते वहीत लिहीत म्हणाले. ब्रेत्सेलची गुंडाळलेली बारीक टोकं म्हणजे हात आणि खालचा फुगीर भाग म्हणजे पोट, हे मला नंतर कळलं. "टॉलरन्समध्ये आहे. पास."

काउंटरमागची बाई पांढरीफटक पडली होती. "कोंट्रोले?" तिनं हळूच विचारलं. तिला वाटलं, सरकारी अन्न तपासनीस आलाय.

"नाइन, नाइन," ते नकाराची मान हलवत म्हणाले. "प्रिव्हाट."

खाजगी तपासनीस म्हणजे काय हे तिला कळेना. तिनं गुपचूप अजून एक ब्रेत्सेल पिशवीत टाकलं.

हे जगदाळेकाका. चिंचवडच्या एका टूलरूममध्ये वीस वर्षं, मग इथे आमच्याच कंपनीत क्वालिटीला. वय चोपन्न, लग्न केलेलं नाही, खिशात व्हर्नियर कायम. त्सुफेनहाउझेनमधली खाण्याची प्रत्येक जागा त्यांनी पायी फिरून तपासली होती. पायीच, कारण "बसनं जाऊन खाल्लेल्याची चव बसमध्येच सांडते." तुर्की दुकानातल्या ड्योनर नावाच्या मांस भरलेल्या रोटीतला कोबी, इटालियन माणसाच्या आइसक्रीमच्या गोळ्याचा व्यास, सगळं वहीत. निकाल तीनच, पास, रीवर्क आणि रिजेक्ट. मसूर आणि श्पेत्सले नावाच्या जाड शेवया ही इथली लाडकी जोडी. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'आमटी बरी. फोडणी द्यायची राहून गेली आहे. रीवर्क.'

"काका, लोक घाबरतात तुम्हाला," मी एकदा म्हटलं.

"घाबरू देत की. गेनाऊ, बरोबर त्याच दिवशी स्वयंपाक चांगला होतो."

एका जागेपुढे मात्र निकाल नव्हता. स्टेशनामागच्या गल्लीत हेबरलेबाईंची आठ टेबलांची खाणावळ होती. बाई सत्तरीच्या. त्यांचे मौलटाशन प्रसिद्ध. मौलटाशन म्हणजे मैद्याच्या पातळ पोळीत सारण भरून, घड्या घालून, चौकोन कापून गरम सूपमध्ये सोडलेले. आपल्या करंजीची श्वाबी, म्हणजे या भागातली, चुलतबहीण म्हणा. सारण मांसाचं असतं. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून पाद्र्यांनी ते पोळीखाली लपवलं, असं इथले लोक स्वतःच हसत सांगतात.

"आपल्याकडे साबुदाण्यावर भागवलं," काका म्हणायचे. "एवढं डिझाइन कुणाला सुचलं नाही."

काका दर गुरुवारी तिथे जायचे आणि गुरुवारी ते मांस खात नाहीत. पहिल्या वर्षी बाईंनी कारण विचारलं. काकांनी "दत्त" एवढंच सांगितलं. बाईंना काय कळलं देव जाणे, पण तेव्हापासून दर गुरुवारी त्यांच्यासाठी पालक-बटाट्याचे चार वेगळे मौलटाशन व्हायला लागले. काका ते मोजायचे, लिहायचे, खायचे. तीन वर्षं.

"निकाल का नाही?" मी विचारलं.

"नमुने अजून पुरेसे नाहीत."

मग एका फेब्रुवारीत बाई बर्फावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाइलब्रॉनहून भाची आली, साबिने. चाळिशीची, कष्टाळू, शांत. ती काही शिकली नव्हती असं नाही, पण तिचे मौलटाशन सूपमध्ये फुटायचे. सारण वर तरंगायचं. नेहमीची गिऱ्हाइकं एकदा आली, दुसऱ्यांदा आली नाहीत.

बाईंनी सरळ सांगून टाकलं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सगळी वस्ती मौलटाशन खायला येते, पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. त्या दिवशी जमलं तर खाणावळ साबिनेची. फुटले तर किल्ल्या घरमालकाला. तो तिथे मोबाइलचं दुकान काढायला टपलेलाच होता.

"पण मावशी, पीठ किती, पाणी किती, सांग ना!" साबिने रडकुंडीला यायची.

"नाख गेफ्यूल," बाई प्लास्टरमधला हात हलवून म्हणायच्या. अंदाजानं. माझी आईही अगदी असंच म्हणते, आणि असाच हात हलवते.

एका रात्री जेवणाला काका आणि मी, दोघंच गिऱ्हाईक होतो. काकांनी वही काढून टेबलावर ठेवली आणि बाईंना म्हणाले, "फ्राऊ हेबरले, माफ करा. मी तुमचं सगळं मोजलंय."

बाईंनी चष्मा चढवला. "मला माहीत आहे. पहिलं वर्षभर मी तुम्हाला सरकारी माणूस समजत होते. मग म्हटलं, सरकारी माणूस दर गुरुवारी एवढा वेळेवर येणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून कामावरून सुटलं की आम्ही त्या स्वयंपाकघरात. काका व्हर्नियर घेऊन, मी वहीचं जर्मन करायला, साबिने लाटणं घेऊन.

"एक पूर्णांक आठ. जाड आहे. वहीत एक पूर्णांक एक आहे. रीवर्क!"

"हेर जगदाळे, मी माणूस आहे!"

"आल्झो, मग माणूसच करू शकतो. मशीनला जमत नाही म्हणून तर आलोय."

जाडी जमली. चौकोन जमले. तरी दहातले चार फुटायचे. गुरुवार तीन दिवसांवर आला. साबिने लाटणं ठेवून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मोबाइलचं दुकानच बरं."

मी वही चाळत होते. काकांना सवयच अशी की नोंदीच्या डोक्यावर हवा लिहायची, टूलरूममध्ये लिहितात तशी. ऊन, बर्फ, पाऊस. पावसाच्या दिवशी पोळीची जाडी जास्त, दर वेळी जास्त. आणि शेजारी शेरा, 'पीठ आज घट्ट.'

"काका, हे बघा. पाऊस असला की बाई पीठ घट्ट भिजवतात आणि पोळी जरा जाड ठेवतात."

बाईंना विचारलं. "मी? कधीच नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डाव्या हातानं परातीतलं पीठ दाबून पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या. "हात करतो."

तो आठवडाभर पाऊसच होता. साबिनेनं पाणी कमी केलं, जाडी एक पूर्णांक तीन ठेवली. दहाच्या दहा सूपमध्ये शांत पडून राहिले. काकांनी चिमटीत व्हर्नियर धरून एकेकाकडे असं पाहिलं, जसं बारशाला बाळाकडे पाहतात.

गुरुवारी आठही टेबलं भरली, लोक पावसात छत्र्या धरून दाराशी उभे राहिले. बेकरीवाली बाईही आली. काकांना पाहून दचकली, पण बसली. एकही मौलटाशन फुटला नाही. संध्याकाळी हेबरलेबाईंनी एप्रनच्या खिशातून किल्ल्या काढल्या, डाव्या हातानं साबिनेच्या खिशात टाकल्या आणि काकांपुढे पालक-बटाट्याची बशी ठेवली.

काका मोजेनात. नुसतेच बघत बसले.

"आमची अक्का कडबोळी करायची," ते म्हणाले. "आई लवकर गेली, अक्कानंच मला वाढवलं. माझ्यामुळे तिचं लग्न राहिलं. ती गेल्यावर भावजयांनी करून बघितली, शेजारणींनी करून बघितली. एकीचंही तसं झालं नाही. मी टूलरूममध्ये मायक्रॉन मोजत होतो गं. डब्यात रोज कडबोळं असायचं, ते कधी मोजलं नाही."

त्यांनी वही उघडली आणि हेबरलेबाईंच्या नावापुढे लिहिलं, 'पास.' मग बशीतलं थंड होण्याआधी खाल्लं.

त्या उन्हाळ्यात माझी आई आली. विमानात पहिल्यांदा बसलेली, पाय जमिनीवर टेकल्यावर पहिलं वाक्य, "पोळपाट आहे का तुझ्याकडं?" रविवारी काका जेवायला आले. पहिली पोळी ताटात पडली तसा त्यांचा हात खिशाकडे गेला आणि थांबला.

"ताई, विचारूनच मोजतो आता. चालेल?"

आई माझ्याकडे बघून हसली. "आयुष्यभर लोकांनी मोजून खाल्ल्या, जाडी कुणी बघितली नव्हती. मोजा की. पण आधी एक खावा, गार होतीया."

काकांनी आधी खाल्ली. मग दुसरी मोजली, तिसरी मोजली आणि आईला तिचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

हेबरलेबाईंची खाणावळ साबिने चालवते, गुरुवारी पालक-बटाट्याचे मौलटाशन आता सगळ्यांना मिळतात. आणि माझ्या आईची पोळी एक पूर्णांक चार मिलिमीटर जाडीची आहे. तिच्या पूर्ण नावानिशी वहीत नोंद आहे.