दात सूर्याकडे पोचलाच नाही

माझ्या घरात कुणीतरी लहान मुलांशी खोटं बोलतं. मी नाव घेणार नाही. ते बोलणं चोरून नसतं, चांगलं मोठ्याने असतं, आणि ऐकणारे सगळे वर म्हणतात, "किती गोड!" मला ते गोड वाटत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. खोट्यावर वाढलेल्या पिढीचं पुढे काय होतं ते मी रोज सातवी ब मध्ये बघतो. (नाव न घेण्याचं दुसरं कारण असं, की ती व्यक्ती कोबीच्या पानांत भात गुंडाळून जे काही करते, तसं इजिप्तमधल्या या सबंध मन्सूरा शहरात दुसरं कुणी करत नाही.)

झालं असं, की माझ्या थोरल्या मुलीचा, रीतालचा, खालचा पुढचा दात हलायला लागला. ती सहा वर्षांची. पहिलाच दात. घरात दुसरा विषय उरला नाही. धाकटी हनीन चार वर्षांची, तीही दिवसभर स्वतःचे पक्के दात धरून हलवत बसायची आणि एकही हलत नाही म्हणून रडायची.

"पडला की मला सांग हं," माझ्या सासूबाईंनी रीतालला जवळ घेतलं. "आपण गच्चीवर जाऊ. सूर्यबाईकडे तोंड करून दात जोरात फेकायचा आणि म्हणायचं, हा म्हशीचा दात तू घे आणि मला नवरीचा दात दे."

"माझ्या मुलीचा दात म्हशीचा कसा?" मी विचारलं.

"बोलायची पद्धत आहे, जावईबापू."

"आणि सहा वर्षांच्या मुलीला नवरीचा दात कशाला? तिला इंजिनिअर व्हायचं असेल!"

"इंजिनिअर नवरी होत नाही? मग तुमची बायको कोण आहे?"

(माझी बायको नर्मीन पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. हा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता.)

मी दोन्ही मुलींना समोर बसवलं. एक संत्रं घेतलं, एक तीळ घेतला, आणि सूर्य किती मोठा, पृथ्वी किती लहान आणि मध्ये अंतर किती हे सगळं समजावलं. हनीनने मधेच पृथ्वी खाल्ली, पण रीताल लक्ष देऊन ऐकत होती.

"मग नवा दात कोण देतं?"

"कुणी देत नाही. तो हिरडीखाली आधीपासून तयार बसलेला असतो."

"आत्ता? आत?" तिने हात तोंडावर ठेवला. "करतो काय तिथे?"

"वाट बघतो."

त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत तोंडावरचा हात काढेना. हनीनने विचारलं, की नाकाखालीही दुसरं नाक बसलंय का. मी विषय बदलून प्राण्यांच्या दातांवर गेलो. गाईला वर पुढचे दात नसतात, शार्कला रांगाच्या रांगा असतात, कोंबडीला तर दातच नसतात. मुलींना हे फार आवडलं. ज्ञान आवडतंच मुलांना. आपणच देत नाही.

नर्मीनने शेवटी तोड काढली. "टाकू दे रे तिला दात. आई म्हणते ते शब्द नकोत ना? मग तुझे घाल."

ही कल्पना मला पटली. मी रूढीच्या विरुद्ध आहे, पण रूढी सुधारून घ्यायला माझी ना नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मोकळ्या तासाला मी ओळी रचल्या:

हे सूर्या, अंतर ठाऊक असूनही
हा दात तुला दाखवतो आहोत;
निसर्गाच्या नियमाने येणारा दुसरा
आम्ही स्वतःच्या बळावर घेऊ!

"हा दात आहे की मोर्चा?" नर्मीन म्हणाली.

शुक्रवारी सकाळी गरम ताअमियाचा वडा चावता चावता दात पडला. रीतालने तो घासातून काढला, तळहातावर ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. रडावं की हसावं ते तिचं ठरत नव्हतं. सासूबाईंनी जीभ हलवून अशी लांब किलकारी काढली, की खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं आमच्याकडे कुणाचं लग्न ठरलं. मग रीताल हसली. त्या खिंडीतून पहिल्यांदाच हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (ताअमियात मिरची जास्त होती.)

"बाबा, तू सांभाळ," तिने दात माझ्या हातात दिला. "तेता वस्तू कुठेही ठेवते."

तेता म्हणजे आजी; सासूबाईंना ते लागलं. मी मात्र ताठ झालो. दात नीट धुतला आणि टेबलावरच्या रिकाम्या चहाच्या ग्लासात ठेवला. वैज्ञानिक नमुना पारदर्शक भांड्यात ठेवावा, म्हणजे सगळ्यांना दिसतो. सासूबाई मुलींना घेऊन गच्चीवर गेल्या. मी ओळी पाठ करत खोलीत येरझाऱ्या घालू लागलो. नर्मीन स्वयंपाकघरातून किटली घेऊन आली, चहा ओतला आणि निघून गेली. मी चहा घेत घेत "स्वतःच्या बळावर" ही ओळ वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितली. शेवटच्या घोटाला काहीतरी टणक लागलं आणि खाली गेलं.

"साखर ढवळत जा ग," मी ओरडलो.

"ढवळलीये की!"

"मग हे काय होतं टणक?"

ती दारात आली. माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं.

"हातेम, दात कुठे ठेवला होतास?"

"ग्लासात."

"कुठल्या?"

मी धावत जाऊन आरशासमोर तोंड उघडलं. निदान माझाच एखादा दात तुटला असेल, अशी आशा होती. माझे सगळे दात जागच्या जागी होते.

नर्मीन हसत हसत खाली जमिनीवर बसली. मग माझा चेहरा बघून उठली. "जा आणि सांग तिला. चूक झाली म्हणावं. तूच तर म्हणतोस, मुलांशी खरं बोलावं."

"खरं बोलावं. पण हे खरं?"

"बाबा!" वरून रीतालची हाक आली. "दात आण! ऊन आलंय!"

टेबलावर कालच्या सामन्याच्या वेळी खाऊन उरलेल्या खारवलेल्या भोपळ्याच्या बियांची वाटी होती. बिया पांढऱ्याशुभ्र असतात. मी एक उचलली. टोक कुरतडलं, कडा दातांनी जरा गोल केल्या आणि लांब धरून बघितली. नर्मीन बघत होती.

"तात्पुरतं आहे," मी म्हणालो आणि जिना चढलो.

गच्चीवर वरच्या मजल्यावरचे बयूमी काका कबुतरांना दाणे टाकत होते. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांच्या कोंबड्या पायांत घोटाळत होत्या. रीतालने माझ्याकडून दात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हा पांढरा झालाय."

"धुतला ना."

"मोठा पण झालाय."

"पाण्याने फुगला," मी म्हणालो. (पदार्थांचे प्रसरण, सातवी ब, धडा पाचवा. मीच शिकवतो.)

तिने मान डोलावली. बाबा म्हणतो म्हणजे फुगत असेल. मग आम्ही दोघांनी सूर्याकडे तोंड करून माझ्या ओळी म्हटल्या. बयूमी काका राष्ट्रगीत समजून उभे राहिले. रीतालने हात मागे नेला आणि सगळा जीव एकवटून फेकला. बी वर गेली, उन्हात चमकली, आणि अंतर ठाऊक असल्यासारखी पाण्याच्या टाकीजवळ खाली पडली. एक तांबडी कोंबडी आली, मान वाकडी करून तिने बघितलं, आणि टिपली.



"कोंबडीने माझा दात खाल्ला," रीताल हळूच म्हणाली. मग तिच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. ती मला दिसत होती, कारण ती मीच बसवली होती. "तेता, ज्याला दात देतो तोच नवा देतो ना?"

"असंच असतं बाई," सासूबाई बोलून गेल्या.

"आणि कोंबडीला दातच नसतात. बाबाने सांगितलंय." तिने भोकाड पसरलं. "मला आता दात येणारच नाही! मी कायमची बोळकी!"

"अगं, पण नवा दात हिरडीखाली बसलाय ना?"

"तो पण हे बघून आत पळाला असेल!"

बयूमी काकांना राहवेना. ते पुढे आले, छातीवर हात ठेवला. "रडू नकोस ग राणी! तुझ्या एका दातापुढे कोंबडीची काय किंमत? तू नुसतं म्हण, आत्ता कापतो आणि दात काढून देतो!"

(असं म्हणायचं असतं. आणि ऐकणाऱ्याने "छे छे, काका, भलतंच काय!" म्हणायचं असतं. पण माझ्या मुलीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ढोंगाच्या विरुद्ध आहे ना.)

"कापा," रीताल डोळे पुसत म्हणाली.

बयूमी काकांचा हात छातीवरच राहिला. ती कोंबडी त्यांच्या बायकोची लाडकी होती. रोज अंडं घालायची. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आता तरी मी "छे छे" म्हणेन या आशेने. मी तोंड उघडलं. पण रीतालही माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी ते पुन्हा मिटलं. काका सुरी आणायला निघाले. इतके सावकाश निघाले, की रेल्वेत असताना ते याच वेगाने गाड्या सोडत असणार. सुरी आणली. कोंबडी काखेत धरली. ती बिचारी त्यांच्याकडे विश्वासाने बघत होती. हनीन माझ्या पायामागे लपली.

"बिस्मि..."

"थांबा!" मी ओरडलो. "दात तिच्या पोटात नाही!"

"मास्तर, मी या डोळ्यांनी बघितलं."

"ती भोपळ्याची बी होती."

कबुतरंसुद्धा घुमायची थांबली.

"मग माझा दात कुठाय?" रीतालने विचारलं.

"चहाच्या ग्लासात होता. आणि मग मी चहा प्यायलो."

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आपलेच दात आपल्या घशात जातात, हे ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "लेकीचा दात बापाच्या घशात गेलेला मी पहिल्यांदाच बघतेय."

"मग आता बाबाला कापायचं?" हनीनने विचारलं.

बयूमी काकांनी हातातल्या सुरीकडे बघितलं. खरं सांगतो, क्षणभर ते विचारात पडले.

रीताल हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू मला खोटा दात दिलास."

"हो."

"पाण्याने दात फुगतो?"

"नाही."

"तेता तरी खोटं बोलताना हसते," ती म्हणाली. "तू हसला पण नाहीस."

वर्गात कुणी खोटं बोलताना सापडलं, तर मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करतो. गच्चीवर भिंत नव्हती. असती तर मी आपणहून जाऊन उभा राहिलो असतो.

"आ कर," रीताल म्हणाली.

मी खाली बसून आ केला. तिने आत डोकावलं. माझे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत आणि बाकीच्यांवर चहाने आपला रंग चढवलाय. "मला असे येणार?" असं म्हणून ती मघापेक्षाही मोठ्याने रडायला लागली.

"येणार नाहीत, येणार नाहीत!" सासूबाई पुढे झाल्या. "वेळ गेलेली नाही. ऊन आहे अजून. बाबा सूर्यबाईकडे तोंड करून आ करेल, आणि ती आत हात घालून तुझा दात काढून नेईल."

"सासूबाई, शास्त्राप्रमाणे हे..."

"तोंड उघडा, जावईबापू."

रीताल रडायची थांबली होती. गालांवरचे ओघळ तसेच होते. ती तेताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, मी काय करतो ते. मला संत्रं आठवलं, तीळ आठवला, ते सगळं अंतर आठवलं. मग मी उठलो, सूर्याकडे वळलो, डोळे मिटले आणि जबडा दुखेपर्यंत तोंड उघडलं.

सासूबाईंनी म्हशीपासून सुरुवात केली. मुली मागून म्हणू लागल्या. तोंड मिटायची परवानगी नव्हती, म्हणून म्हशीला मी "अ्अ" म्हटलं आणि नवरीलाही "अ्अ" म्हटलं. टाळू तापली. जरा वेळाने माझ्या बोटांत एक लहान हात आला.

"हलू नकोस हं, बाबा," रीताल हळूच म्हणाली. "ती घेतेय."

"अ्अ."

"थोडं राहिलंय. मोठा कर अजून."

मी मोठा केला. तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं आणि बयूमी काकांची बायको धुण्याची बादली घेऊन वर आली. बादली तिच्या हातातून खाली आदळल्याचा आवाज मी ऐकला.

"अगं बाई! मास्तरांना काय झालं हो?"

"काही नाही," कोंबडी खाली सोडत बयूमी काका म्हणाले, "त्यांना दात येतायत."