बैल चढत नाही

“कुंपण नापास,” कार्ला बोनेटी म्हणाली, आणि नेव्हिल ट्रस्कटनं कानातलं यंत्र काढून पुन्हा बसवलं.

चाळीस वर्षं त्यानं कुंपणं घालण्याचाच धंदा केला होता. ऑस्ट्रेलियातल्या डबो गावाभोवती मेंढ्या आणि बैल ज्या तारांच्या आत चरत होते, त्यातल्या निम्म्या त्याच्या हातच्या. आणि आता ही नखाएवढी तपासनीस त्याच्याच अंगणात उभी राहून पोहण्याच्या तलावाचं कुंपण नापास करत होती.

“पोरी, या कुंपणातून बैल जाणार नाही.”

“बैलाचं कोण विचारतंय, नेव्ह? बैल चढत नाही. तीन वर्षांचं पोर चढतं.” तिनं टेप लावली. “बाहेरून नव्वद सेंटिमीटरच्या आत पाय ठेवायला काही नको. ही लिंबाची फांदी पन्नासवर आहे.”

“त्या फांदीवर आजवर कोणी चढलेलं नाही.”

“कोण चढलं ते मी विचारतच नाही. चढता येईल का, ते विचारते.”

एरवी त्यानं तिला वाटेला लावलं असतं. पण त्याच्या लेकीनं, रॉबिननं, फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, तलावाचा दाखला नसेल, तर नाताळ माझ्या सासूबाईंकडे. टिलीला घेऊन मी येणार नाही.” टिली त्याची एकुलती एक नात, तीन वर्षांची. गेले दोन नाताळ तिकडेच झाले होते, आणि नेव्हिलनं रेडिओसमोर बसून एकट्यानं हॅम खाल्लं होतं. त्याला तिची फार आठवण येत होती. यंदा एकट्यानं जेवणं त्याला मंजूर नव्हतं. कार्लापुढे मान तुकवणंही मंजूर नव्हतं.

त्यानं फांदी तोडली. रागात तोडली, त्यामुळे तिच्याबरोबर आणखी चार गेल्या. मग लाकडं सारख्या मापाची कापून बार्बेक्यूसाठी नीट रचून ठेवली. कुंपणाला लागूनच.

“पायऱ्या छान केल्यात,” दुसऱ्या खेपेला कार्ला म्हणाली.

लाकडं मागच्या शेडमध्ये न्यायची, तर वाट तलावाच्या आवारातूनच होती. नेव्हिलनं फाटकाला वीट लावली आणि दोन दिवस ढकलगाडी ओढली. येता-जाता गाडी फाटकावर आपटत राहिली. काम संपलं तोवर बिजागऱ्या खाली आल्या होत्या. सोडलं की आपोआप बंद व्हायला हवं ते फाटक आता अर्ध्या वाटेत थांबू लागलं. मग त्यानं गुरांच्या फाटकाची जुनी स्प्रिंग शोधून काढली आणि तिथे ठोकली.

“आता बघू कोण नापास करतं.”

तिसऱ्या खेपेला कार्लानं फाटक जरासं उघडून सोडलं. ते असं आदळलं की शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. खिटी अचूक बसली. बुडालेल्याला शुद्धीवर कसं आणायचं ते सांगणारा फलक मात्र कुंपणावरून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

“फाटक पास,” कार्ला म्हणाली. “फलक नापास.”

“तू माझी परीक्षा घेतेयस की कुंपणाची?”

“दोघांची. कुंपण लवकर सुधारतंय.”

नवा फलक त्यानं आठ स्क्रूंनी बसवला. स्क्रू आवळताना त्यानं तो पहिल्यांदाच पूर्ण वाचला. लहान मुलाचं डोकं कसं ठेवायचं, छाती किती वेळा दाबायची. मग टेप आणून त्यानं बाहेरचे नव्वद सेंटिमीटर सगळीकडून दोनदा मोजले. हे त्यानं कार्लाला सांगितलं नाही. बावीस डिसेंबरला तिनं दाखल्यावर सही केली, तेव्हा “झालं समाधान?” एवढंच म्हणाला.

नाताळच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. टिलीनं तलावात पायाचा अंगठा बुडवला, “खोल आहे” म्हणाली आणि आईच्या मागे लपली.

“मला वाटलंच होतं,” रॉबिन म्हणाली. “म्हणून तिच्यासाठी हा आणलाय, बाबा. तुझ्याकडेच राहू दे.”

जावई ग्लेननं गाडीतून रबरी तलाव काढला आणि हिरवळीवर पंपानं फुगवला. निळा, कडेनं बदकं असलेला. नेव्हिलनं खिशातून टेप काढली.

“छप्पन्न. ग्लेन, हवा सोड.”

“का?”

“तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी मावतं, म्हणजे कायद्यानं हा तलाव झाला. याचं कुंपण कुठाय?”

“बाबा, आपण घोट्याएवढंच पाणी भरणार आहोत,” रॉबिन म्हणाली.

“किती भरणार ते मी विचारतच नाही. किती मावेल, ते विचारतो.”

दाखल्याचा हट्ट कोणी धरला होता, ते रॉबिनला चांगलंच आठवत होतं. ग्लेननं बूच काढलं.

नेव्हिल घरातून एक पत्र्याचा टब घेऊन आला. लहानपणी रॉबिनला त्यातच अंघोळ घालायचे. त्यानं आत टेप उभी धरली. “अठ्ठावीस. पास.” टिली टबात बसली आणि आजोबांच्या विजारीवर पाणी उडवू लागली. तो तिच्याजवळून हलला नाही. असा नाताळ त्याला तीन वर्षांत मिळाला नव्हता.

रॉबिन हॅमची ताटली घेऊन आली. उरल्यासुरल्या लिंबाच्या सावलीत तिनं खुर्ची ओढली, पाठ कुंपणाला टेकवली आणि बसली.

“रॉबिन,” टेपकडे हात नेत नेव्हिल म्हणाला, “खुर्ची नव्वदच्या बाहेर घे.”

“आता काय झालं?”

“बैल चढत नाही,” तो म्हणाला. “टिली चढते.”